लुसियाचं पत्र

बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात एक सरकारी पत्र आहे, जेमतेम पाच वचनांचं. यरुशलेमातल्या रोमी पलटणीचा सरदार क्लौद्य लुसिया यानं ते सुभेदार फेलिक्सला लिहिलं. आरोपीला बंदोबस्तात वरिष्ठांकडे पाठवताना सोबत जो अहवाल जोडतात, तसंच ते आहे. हा इसम कोण, कुठे ताब्यात घेतला, आरोप काय, पुढे काय करावं. भाषा नेटकी आणि मजकूर आटोपशीर. लहानपणापासून हा भाग मी त्या आरोपीची, म्हणजे प्रेषित पौलाची, गोष्ट म्हणून ऐकत आले. पण गेली काही वर्षं मी तो पोलिसांची गोष्ट म्हणून वाचते आहे, आणि तसा वाचल्यापासून तो माझी पाठ सोडत नाही.

लुसिया लिहितो त्याचा आशय असा: या माणसाला लोक धरून जिवे मारणार होते, तेवढ्यात तो रोमी नागरिक आहे असं कळल्यावरून मी शिपाई घेऊन गेलो आणि त्याला सोडवलं.

प्रत्यक्षात काय झालं ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं आधीच्या दोन अध्यायांत सविस्तर सांगितलं आहे. मंदिराच्या आवारात दंगल उसळली, जमाव पौलाला मारत होता. वर्दी मिळताच लुसिया शिपाई आणि शताधिपती घेऊन धावत खाली आला आणि मार थांबला. इथवर पत्र खरं आहे. पण आपण एका नागरिकाला वाचवतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं, बंडखोर हाती लागला. चार हजार मारेकऱ्यांना रानात घेऊन गेलेला मिसरी तो तूच ना, असं त्यानं पौलाला विचारलंसुद्धा. दोन साखळ्यांनी त्याला बांधायला लावलं. जमाव का खवळला आहे ते कळेना, तेव्हा फटके मारून याची चौकशी करा, असा हुकूम दिला. चामड्याच्या वाद्यांनी ताणून बांधल्यावर पौलानं जवळच्या शताधिपतीला विचारलं, रोमी माणसाला, त्याचा अपराध शाबीत झालेला नसताना, फटके मारणं तुम्हाला कायद्यानं योग्य आहे का? नागरिकत्वाचा विषय निघाला तो तेव्हा, फटक्यांसाठी बांधल्यावर.

म्हणजे पत्रात लिहिलेली प्रत्येक गोष्ट घडलेली आहे. जमाव होता, सुटका होती, नागरिकत्वही होतं. लुसियानं फक्त क्रम बदलला, आणि तो बदलताना साखळ्या आणि फटक्यांचा हुकूम गाळला. एवढ्यानं चौकशीत माणूस फोडून काढायला निघालेला अधिकारी नागरिकांचा तत्पर रक्षक झाला.

मला या माणसाबद्दल चीड येत नाही, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. लुसिया चांगला अधिकारी होता. नागरिकत्व आपण मोठी रक्कम देऊन मिळवलं, असं तो एका कैद्याला मोकळेपणानं सांगतो. चाळीसहून अधिक माणसांनी पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी न घेण्याची शपथ घेतली होती. ती खबर घेऊन पौलाचा भाचा आला, तेव्हा लुसियानं त्या पोराचा हात धरून त्याला बाजूला नेलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि हे कोणाला सांगू नकोस असं बजावलं. खबऱ्याशी कसं वागावं याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. मग त्यानं दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार आणि दोनशे भालेकरी तयार केले आणि रात्री नऊच्या सुमारास एका कैद्याला कैसरियाकडे रवाना केलं. एका माणसाच्या जिवासाठी चारशे सत्तर माणसं. ज्याच्याबद्दल त्याला काही प्रेम नव्हतं, ज्याच्यापायी शहर पेटलं होतं, त्याच्यासाठी. आणि हे सगळं इतकं नीट पार पाडणाऱ्या माणसानं त्याच रात्री अहवालातली एक ओळ फिरवली.

लूक त्यावर एक शब्दही बोलत नाही. घडलेलं सांगतो, पत्र सांगतो, पुढे जातो. दोन्ही एकाच पुस्तकात, थोड्या अंतरावर ठेवलेली. वाचणाऱ्यानं पडताळून पाहावं.

पोलीस अधिकाऱ्याच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा लाचेबद्दल बोलतो. तो पैसे खात नाही, म्हणून तो प्रामाणिक. ही कसोटी खोटी नाही, पण फार अपुरी आहे. यार्देनेकाठी शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले, तेव्हा त्यानं त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. दडपून कोणाचे पैसे काढू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असं सांगितलं. पहिली आणि तिसरी गोष्ट पैशाची आहे. मधली शब्दाची आहे, आणि उपदेशांमध्ये नेमकी तीच निसटते.

मला स्वतःला ती मधली सगळ्यांत जड वाटते. पोलिसाच्या हाती हत्यार असतं हे सगळ्यांना दिसतं. पण माणसाचं आयुष्य तो बहुतेक वेळा लिहून बदलतो. कोण कुठे होतं, काय बोललं, वस्तू कुठे सापडली, किती वाजता, हात आधी कोणी उचलला. त्या क्षणी तिथे दुसरं कोणी नव्हतं, किंवा होतं पण त्याच्या शब्दाला वजन नाही. न्यायाधीश त्या कागदावर विसंबतो. वर्तमानपत्रं विसंबतात. वीस वर्षांनी कोणी फाइल उघडली तर तोच कागद उरलेला असतो. सीनायवर मिळालेल्या दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही एक स्वतंत्र आज्ञा आहे, खून आणि चोरीच्या रांगेत. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर असा नियम आहे की खोट्या साक्षीदारानं दुसऱ्याच्या बाबतीत जे योजलं होतं तेच त्याच्या बाबतीत करावं. साक्षीवर माणूस दगडांनी मारला जात होता अशा समाजात ही आज्ञा दिली गेली. आजही साक्षीवर माणसाची वर्षानुवर्षं जातात.

मोठ्या पदावरच्या अधिकाऱ्याचं काम आणखी वेगळं. तो स्वतः सहसा काही लिहीत नाही, तो सही करतो. खालून आलेला कागद वाचतो, किंवा वाचत नाही, आणि सही करतो. त्याच्या हातून घडणारा असत्याचा प्रकार म्हणजे प्रश्न न विचारणं. एखादी गोष्ट जरा जास्तच नीट जुळून आली आहे असं त्याच्या अनुभवी डोळ्याला दिसतं, आणि तो पान उलटतो. येशूचा न्याय करताना सुभेदार पिलातानं लोकांसमोर हात धुतले हे आपल्याला पाठ असतं, पण त्यानं हुकूमही दिलाच होता हे आपण कमी आठवतो.

आमच्या मंडळीत एक निवृत्त पोलीस अधिकारी आहेत. मी त्यांना दादा म्हणते. बऱ्याच वरच्या हुद्द्यावर होते, पण त्याबद्दल क्वचित बोलतात. एकदा बायबल अभ्यासानंतर आम्ही दोघंच खुर्च्या आवरत होतो. त्या दिवशी विषय निघाला होता, प्रामाणिक राहिलं की देव आशीर्वाद देतो. दादा म्हणाले, "तू लिहितेस ना, मग हेही कधीतरी लिही." आणि त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीनं इथे लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं काढून.

एका मुलीच्या खुनाचा तपास त्यांच्या पथकाकडे होता. आरोपी सापडला. हत्यारही सापडलं, पण एका तरुण अधिकाऱ्यानं ते पंच यायच्या आधीच उचललं होतं. घाईत, चांगल्या हेतूनं, कोणी पळवू नये म्हणून. पंच आल्यावर त्यानं ते पुन्हा जागेवर ठेवलं आणि मग रीतसर जप्ती दाखवली. पंचनाम्यात शब्दन् शब्द नियमाप्रमाणे. फाइल दादांकडे आली. वेळांमध्ये काहीतरी बसत नव्हतं. त्यांनी त्या पोराला बोलावून एकट्यालाच विचारलं. त्यानं खरं सांगितलं, आणि म्हणाला, "साहेब, हत्यार तिथेच होतं. माणूस तोच आहे. खोटं काय आहे यात?"

दादांनी त्याला घडलं तसं लिहायला लावलं. न्यायालयात ती जप्ती टिकली नाही, तिच्याभोवती उभा केलेला बाकीचा पुरावाही ढासळला, आणि आरोपी सुटला. खात्यात लोक म्हणाले, साहेबांच्या पुण्याईनं खुनी घरी गेला. दादा त्या मुलीच्या घरी गेले. जायलाच हवं होतं असं काही नव्हतं, पण गेले. आईनं विचारलं, "तोच होता हे तुम्हाला माहीत होतं ना?" ते हो म्हणाले. "मग?" ती म्हणाली. त्यावर त्यांच्याकडे काही नव्हतं.

"लोक साक्ष देतात," दादा म्हणाले, "की सत्याला धरून राहिलो आणि मनाला मोठी शांती मिळाली. मला नाही मिळाली. अजून नाही. पण पुन्हा तसा कागद आला तर मी पुन्हा तेच करीन."

मी त्यांना विचारलं, "कशाच्या बळावर?" ते खुर्ची हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तो पोरगा खरं बोलत होता गं. पण पुढचा कोणीतरी तेच वाक्य बोलेल आणि तेव्हा माणूस तो नसेल. मला बाहेरून दोघांतला फरक कळणार नाही. मी देव नाही."

हे त्यांचं शेवटचं वाक्य मी फार वेळा मनात घोळवलं आहे. चांगल्या हेतूनं केलेली खोटी साक्ष वाईट हेतूनं केलेलीपेक्षा खात्याला जास्त पोखरते, असं माझं मत होत चाललं आहे. पैसे खाणाऱ्याला आपण चूक करतो आहोत हे ठाऊक असतं. लुसियाला किंवा त्या तरुण अधिकाऱ्याला तसं वाटत नाही. निकाल तर आधीच डोक्यात झालेला असतो, कागद फक्त त्याला साजेसा करायचा असतो. आणि असं वाटणं म्हणजे आपण माणसाच्या अंतःकरणात पाहू शकतो असं मानणं. श्रद्धावान माणसानं नेमकं हेच स्वतःकडे घ्यायचं नसतं. न्यायाचा अंतिम हिशोब आपल्या हातात नाही ही पोलीस अधिकाऱ्याच्या श्रद्धेतली सगळ्यांत कामाची गोष्ट आहे. खुनी सुटला तरी तो कायमचा सुटला नाही असं जो मनापासून मानतो, त्यालाच खरा पंचनामा लिहायला परवडतं. असं मानूनही त्या आईचं दुःख तसंच राहतं, हे मला दिसतं, आणि त्यावर फुंकर घालणारं वाक्य मी लिहिणार नाही.

लुसियाच्या एका ओळीचं पुढे मोठ्या प्रमाणावर काय होतं ते पाहायचं असेल तर हिल्सबरो आठवावं. १५ एप्रिल १९८९, इंग्लंडमधलं शेफील्ड, फुटबॉलचा एफए कप उपांत्य सामना. प्रेक्षकांच्या कोंडलेल्या कप्प्यात चेंगराचेंगरी झाली. ९७ माणसं गेली, त्यातला शेवटचा बळी २०२१ मध्ये, इतक्या वर्षांच्या इजांनी. पोलिसांनी बाहेरचं फाटक उघडायला लावलं होतं, पण बंदोबस्ताच्या प्रमुखानं त्याच दुपारी सांगितलं की प्रेक्षकांनी ते जबरदस्तीनं उघडलं. ते खोटं होतं हे त्यानं २०१५ मध्ये शपथेवर कबूल केलं. मधल्या काळात मेलेल्यांच्या माथी दारूचा आणि दांडगाईचा आळ राहिला.

मला त्या घटनेतला एक तपशील सारखा आठवतो. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या पोलिसांना आपली टिपणं नेहमीच्या खिशातल्या वहीत न लिहिता साध्या कागदावर लिहायला सांगण्यात आलं. वहीतलं पान फाडलं तर कळतं, साधा कागद बदलता येतो. पुढे १६४ जबाब लक्षणीय प्रमाणात बदलले गेले आणि त्यांतल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीची ठरतील अशी विधानं काढली किंवा फिरवली गेली. हे उजेडात आणणाऱ्या स्वतंत्र समितीचे अध्यक्ष होते लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा अहवाल आला. २०१६ मध्ये मृत्यूंच्या नव्या चौकशीत ज्युरीनं ठरवलं की ते मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं गेली होती.

आणि २०२१ मध्ये जबाब फिरवल्याबद्दलचा खटला कोसळला. ते जबाब न्यायालयासाठी नव्हते, सरकारी चौकशीसाठी होते, म्हणून न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा गुन्हा त्यातून होत नाही, असा निर्णय न्यायाधीशांनी दिला आणि आरोपी सुटले. त्या निकालाशी मला वाद घालायचा नाही, कायद्याच्या चौकटीत तो तसाच असेल. पण कायद्यानं जिथे हात टेकले, तिथून पुढे ती खोट्या साक्षीची आज्ञा सुरू राहते. वरच्या अधिकाऱ्यासाठी श्रद्धा कुठे कामाला येते असं मला कोणी विचारलं तर मी या जागेकडे बोट दाखवीन. नियम काही म्हणत नाही, वकील हरकत घेत नाही, सगळं खातं सुटकेचा श्वास टाकतं, आणि तरीही एक माणूस म्हणतो, हा जबाब त्या शिपायानं लिहिला तसाच जाईल. त्या दिवशी दक्षिण यॉर्कशायरच्या शिपायांपैकी कितीतरी जणांनी पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं, हे विसरता कामा नये. खरं लिहिणारे होते, वर ते जपणारा कोणी नव्हता.

लुसियाच्या गोष्टीत मात्र असा एक माणूस आहे. तो शताधिपती. पौलाचा प्रश्न ऐकून तो फटके थांबवतो, वरिष्ठाकडे जातो आणि म्हणतो, आपण हे काय करायला निघाला आहात? हाताखालच्या माणसाला असं म्हणता येणं, आणि म्हटल्यावर वरिष्ठानं उठून स्वतः कैद्याकडे येणं, हे लुसियाच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. त्याच्या पलटणीत हे शक्य होतं. कित्येक ठिकाणी ते शक्य नसतं.

कफर्णहूमच्या शताधिपतीचं वाक्यही मला इथे जवळचं वाटतं. त्याचा चाकर आजारी आहे, तो येशूला म्हणतो की मीही अधिकाराखाली असलेला माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. एकाला जा म्हटलं की तो जातो. या वाक्यातला दुसरा भाग अधिकाऱ्यांना आवडतो. येशूनं ज्याचं आश्चर्य केलं त्या विश्वासाची सुरुवात मला पहिल्या भागात दिसते. आधी मी कोणाच्या तरी अधिकाराखाली आहे, मग माझ्या हाताखाली कोणी आहे. ज्याच्या मनात पहिला भाग पुसट झाला, त्याच्या हातात दुसरा भाग धोक्याचा.

ख्रिस्ती पोलीस अधिकाऱ्यांच्या तोंडी सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन: अधिकारी हा देवाचा सेवक आहे, तो तलवार उगाच धरत नाही. कार्यालयात चौकटीत लावलेलंही मी पाहिलं आहे. वचन खरंच आहे. पण ते लिहिणाऱ्या पौलाच्या पाठीवर छड्यांचे वळ होते. फिलिप्पै शहरात अधिकाऱ्यांनी चौकशीविना त्याचे कपडे फाडून त्याला छड्या मारवल्या होत्या आणि तुरुंगात टाकलं होतं, आणि हे पत्र त्यानंतरचं आहे. फिलिप्पैचे अधिकारी दुसऱ्या दिवशी त्याला गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा पौल म्हणाला, आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप काढता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. ते आले आणि त्यांनी विनवणी केली. अधिकाराचा सन्मान करणारा हा माणूस अधिकाराकडून उघड कबुली मागत होता. आणि तेराव्या अध्यायाच्या अगदी आधी, बाराव्याच्या शेवटी, सूड घेऊ नका, तो देवावर सोपवा, असं आहे. तलवारीचं वचन चौकटीत लावायचं तर निदान आधीची तीन-चार वचनंही लावावीत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तलवारीच्या वचनाला चिकटलेला धोका मँचेस्टरमध्ये दिसला. जेम्स अँडरटन १९७६ ते १९९१ ग्रेटर मँचेस्टरचे पोलीसप्रमुख होते. धर्माबद्दल उघडपणे बोलणारे, उपदेश करणारे, कष्टाळू. १९८६ च्या डिसेंबरात एड्सबद्दल बोलताना त्यांनी म्हटलं की लोक स्वतःच निर्माण केलेल्या घाणीच्या खड्ड्यात गटांगळ्या खात आहेत. पुढच्याच महिन्यात, देव आपल्या तोंडून बोलत असावा अशा आशयाचं विधान त्यांनी मुलाखतीत केलं. त्यांच्या भक्तीच्या खरेपणाबद्दल मी शंका घेत नाही. पण त्या शहरात समलिंगी माणसं राहत होती, आजारी माणसं मरत होती, त्यांनाही चोरी झाली, मार पडला तर याच प्रमुखाच्या ठाण्यात जायचं होतं. ते कोणत्या भरवशावर गेले असते? देव आपल्या बाजूनं बोलतो आहे अशी खात्री ज्याला आहे, त्याला हाताखालचा कोणता शताधिपती येऊन विचारील, आपण हे काय करायला निघाला आहात? श्रद्धेनं अधिकाऱ्याच्या आवाजात खात्री आणण्यापेक्षा त्याच्या कानात थोडी भीती घातलेली मला बरी वाटते.

इथे कोणी मला पॉल ग्रुनिंगरचं नाव घेऊन अडवील, आणि अडवावंच. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालन प्रांताचा हा पोलीसप्रमुख. १९३८ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातून पळून येणाऱ्या ज्यूंना सीमा बंद झाली. ग्रुनिंगरनं आलेल्यांच्या कागदांवर प्रवेशाच्या तारखा मागे नेल्या, सीमा बंद होण्यापूर्वीच्या घातल्या, आणि शेकडो माणसं आत घेतली. काही अंदाज तर तीन हजारांच्या पुढे जातात. १९३९ मध्ये त्याला बडतर्फ केलं, १९४० मध्ये न्यायालयानं दोषी ठरवून दंड केला. पेन्शन गेलं. उरलेलं आयुष्य मिळेल ते काम करत गेलं आणि १९७२ मध्ये तो गरिबीतच वारला. न्यायालयानं तो निकाल रद्द केला १९९५ मध्ये.

त्यानंही तारीखच फिरवली. मग लुसिया आणि हा, यांत फरक काय? मी यावर बराच विचार केला आहे. आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याबद्दल आहे, आणि ग्रुनिंगरनं शेजाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी लिहिलं. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा या सुइणी नवजात मुलगे वाचवण्यासाठी फारो राजाला खरं सांगत नाहीत आणि देव त्यांचं भलं करतो. पण यापेक्षाही मला दुसरी खूण जास्त भरवशाची वाटते. फिरवलेल्या तारखेची किंमत कोण मोजणार होतं? लुसियाच्या ओळीचा फायदा लुसियाला होता. हिल्सबरोच्या जबाबांची किंमत मेलेल्यांच्या नावांनी मोजली. ग्रुनिंगरनं मोजायची ती सगळी स्वतःच मोजली, आणि नंतर आपण केलं ते नाकारलंही नाही. कायदा मोडून शिक्षा भोगायला उभा राहणारा आणि कायद्याच्या आडून स्वतःला वाचवणारा यांना एका मापानं मोजता येणार नाही. तरी ही पळवाट कोणी सहज वापरू नये. असे प्रसंग एखाद्याच्या सबंध कारकिर्दीत बहुधा येतही नाहीत. तपासाच्या फाइली मात्र रोज येतात.

पगाराबद्दलचं योहानाचं तिसरं वाक्य मघाशी मी सोडून दिलं. ते शिपायाला सांगणं सोपं आहे. ज्याला सलग दोन पाळ्या केल्यावर झोपायला जागा नाही, त्याला समाधानी राहा म्हणून वरिष्ठ मोकळे होऊ शकत नाहीत. लंडनमध्ये १८८३ मध्ये ख्रिश्चन पोलीस असोसिएशन सुरू केली ती कॅथरीन गर्नी या बाईंनी. त्या स्वतः पोलिसात नव्हत्या. बायबल अभ्यासापाशी त्या थांबल्या नाहीत. जखमी आणि आजारी शिपायांना विश्रांती मिळावी म्हणून १८९० मध्ये त्यांनी हव्ह इथे समुद्रकाठी घर उघडलं, पुढे हॅरोगेटलाही. थकलेला माणूस घाईनं लिहितो, आणि घाईत लिहिणारा सोयीचं लिहितो. खरा अहवाल हवा असेल तर अहवाल लिहिणाऱ्याच्या झोपेची काळजी वरिष्ठानं घ्यावी लागते. हे मला गर्नीबाईंनी शिकवलं.

मंडळीचाही यात वाटा आहे, आणि तो आपण कबूल करत नाही. आपला माणूस मोठ्या हुद्द्यावर गेला की आपण उपासनेत त्याचं अभिनंदन करतो, त्याला पुढच्या बाकावर बसवतो, आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याला फोन करतं. पोराला ठाण्यात बसवलंय, जरा बघा ना. चांगल्या घरचा मुलगा आहे. दादांना असे फोन यायचे. ते एकच उत्तर द्यायचे, मी चौकशी करीन की त्याला कोणी मारत तर नाही ना, आणि वकील मिळाला आहे का. एवढं त्यांनी प्रत्येकाच्या मुलासाठी केलं, मंडळीतल्या आणि बाहेरच्याही. पण ज्यांना सुटका हवी होती त्यांना ते थंड वाटले. एका कुटुंबानं त्यांच्याशी बोलणं सोडलं ते आजतागायत. प्रामाणिक ख्रिस्ती अधिकारी हवा अशी प्रार्थना आपण करतो आणि तो मिळाला की आपल्यापुरता अपवाद मागतो. फेलिक्सही पौलाला पुनःपुन्हा बोलावून घ्यायचा. नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी ऐकून तो घाबरायचा, पण पैसे मिळतील अशी आशाही त्याला होती. दोन वर्षं त्यानं पौलाला तसंच अडकवून ठेवलं आणि बदली होताना लोकांची मर्जी राखण्यासाठी तुरुंगातच ठेवून गेला. धर्माचं ऐकायला आवडणं आणि त्याप्रमाणे सही करणं यांत त्याच्या बाबतीत दोन वर्षांचं अंतर पडलं, आणि ते शेवटपर्यंत भरून आलं नाही.

आमच्या पाळकांना मी विनंती केली आहे की पुढच्या महिन्यातल्या अभ्यासाला प्रेषितांच्या कृत्यांचे एकवीस ते चोवीस हे अध्याय घ्यावेत, आणि पोलिसांत असलेल्या आपल्या तीन-चार मुलामुलींना मुद्दाम बोलवावं. पत्र शेवटी वाचायचं. आधी प्रत्येकानं दंगलीचा, साखळ्यांचा आणि फटक्यांच्या हुकमाचा प्रसंग वाचून लुसियाच्या जागी बसून स्वतःचा अहवाल लिहायचा, पाच ओळींचा, फेलिक्सला उद्देशून. दादा येणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे: कोणी काय लिहिलं ते त्या रात्री मोठ्यानं वाचायचं नाही, प्रत्येकानं आपला कागद घरी न्यायचा.